गूशास्त्री खंदारे

सोपानराव खंदारे कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा तांब्या हातात घेत, पण तोंडाला लावत नसत. तो तसाच धरून आधी विचारत, "संडास कुठंय?" यजमानाला वाटे, पाहुण्याला घाई झालेली दिसते. तो लगबगीनं परसाची वाट दाखवी. साहेब संडासाच्या दारापर्यंत जात, आत पाऊल न टाकताच मागं वळत आणि तिथून विहिरीपर्यंत, नाहीतर बोअरपर्यंत, पावलं मोजत निघत. तांब्या हातातच. पावलं पुरेशी भरली तर उभ्याउभ्या घटाघटा पाणी पीत. नाही भरली तर ते पाणी जवळच्या एखाद्या झाडाला घालत आणि म्हणत, "चहाच टाका. उकळलेला बरा."

या सवयीपायी त्यांच्या पुतण्याचं लग्न मोडता मोडता राहिलं. मुलगी वसमतची, वडिलांचा हळदीचा व्यापार, घर दुमजली. पोहे झाले, मुलगी आली, बसली, प्रश्न झाले, उठली. तेवढ्यात साहेब गायब. परत आले ते परसातून, चपलांना चिखल घेऊन, आणि भर बैठकीत म्हणाले, "पोरगी नंबर एक आहे. बोअर मात्र बाद आहे. नऊ पावलं! नऊ पावलांत काय होतं, सांगू का?" मुलीचे वडील "नको" म्हणायच्या आत त्यांनी सांगूनही टाकलं. दोन्हीकडची माणसं पोह्यांच्या बश्या हातात घेऊन ऐकत होती. खंदारेकाकूंनी पदर तोंडाला लावला, तो लाजेनं नव्हे, शिव्या आवरायला. वडील दोन महिने बोलले नाहीत. पण मुलगी आतल्या खोलीत पोट धरून हसली होती म्हणे. तिनंच हट्ट धरला की चुलत सासरा असा असेल तर मला हेच घर चालेल. लग्न झालं. त्याच्या आधी बोअर नवा घेतला गेला, घराच्या पुढच्या अंगाला.

हे सगळं मी नंतर ऐकलं. माझी त्यांची पहिली गाठ पडली ती हिंगोलीच्या आमच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. खात्याचं नाव सांगत नाही. त्यातली बरीच मंडळी अजून नोकरीत आहेत आणि मला रोज त्यांचं तोंड बघायचं असतं. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होऊन कंत्राटी म्हणून रुजू व्हायला आले होते. नवा ड्रेस, हातात नेमणुकीचं पत्र, डोक्यात पांढरे कोट आणि चकचकीत काचा. आत गेले तर भिंतीला सहा उभ्या पीव्हीसी नळ्या बांधलेल्या, माणसाएवढ्या उंच. प्रत्येकीत माती ठासून भरलेली आणि खाली एकेक बाटली. एक बुटका, जाड चष्म्याचा माणूस स्टुलावर चढून मगानं त्यांत काहीतरी तपकिरी ओतत होता.

"कोण?" त्यानं न बघता विचारलं.

"सर, मी नवीन..."

"बरं झालं आल्या. धरा हा मग. शेणाचं पाणी न्हाई, माणसाचं आहे. पातळ केलेलं आहे, घाबरू नका." मी तो मग हातात धरल्यावर ते म्हणाले, "माझंच आहे. दुसऱ्याला कशाला तकलीफ?"

ही आमची ओळख. तो मग मात्र मी सोडला नाही, आणि पुढं त्यांनी माझं नाव लोकांना सांगताना नेहमी तेवढंच सांगितलं: "हिनं मग सोडला न्हाई."

त्या सहा नळ्या म्हणजे साहेबांचा संसार. एकीत काळी माती, एकीत मुरूम, एकीत पूर्णेची वाळू, बाकीच्यांत जिल्ह्यातल्या कुठकुठल्या शिवारातली. वरून घाण पाणी ओतायचं आणि खाली बाटलीत काय येतं ते बघायचं. कोणत्या मातीतून जंतू किती खोल जातो, संडासाचा खड्डा कुठं घेतला तर विहीर वाचेल, एवढा एकच विषय त्यांनी आयुष्यभर धरला होता. मला त्यांनी तो पहिल्याच दिवशी दोन मिनिटांत शिकवला. "जंतूला पाय न्हाईत, म्याडम. तो पाण्याच्या खांद्यावर बसून जातो. वाटेत मातीचा कण भेटला, त्याला चिकटला, की तिथंच बसला आन तिथंच मेला. बारीक मातीत कण लई, म्हणून मरायच्या जागाबी लई. मुरमात काय? मोकळी सडक. गेला टपावर बसून थेट विहिरीत." माझ्या एम.एस्सी.च्या पुस्तकात याला अठरा पानं होती.

ऑफिसात त्यांना पाठीमागं 'गूशास्त्री' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "शास्त्री तरी म्हणतात ना," ते म्हणत. "माझ्या बापाला कोणी नावानंबी हाक मारली न्हाई. म्हशीवाला म्हणत." मोठ्या माणसांच्या बैठकीत ते 'गू' हा शब्द मुद्दाम वापरत. एकदा एका कार्यशाळेत पाहुण्यांनी तीन वेळा 'मानवी विष्ठेचे व्यवस्थापन' म्हटल्यावर साहेब मागच्या रांगेतून उठून म्हणाले, "आमच्याकडं त्याला गू म्हणतात. गावात जाऊन विष्ठा म्हणाल तर लोक म्हणतील, आमच्याकडं न्हाई, शेजारच्या गावात असंल."

दिवसाआड वीज जायची आणि जंतू वाढवायची आमची उबेची पेटी थंड पडायची. मग साहेब शर्टाची दोन बटणं काढून कमरेच्या पट्ट्यात चार-पाच छोट्या बाटल्या खोचून बसत. या बाटल्यांत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी भरून दीड-दोन दिवस ऊब दिली आणि पाण्यात मैल्याचे जंतू असले की ते काळंभोर होतं. ऊब पोटाची असली तरी जंतूला चालते. आमचे ड्रायव्हर मेहबूबभाई दारातून डोकावून विचारत, "क्या साहेब, कोंबडी बसली का खुडूक?" साहेब पोट सांभाळत म्हणत, "व्हय. पिल्लं काळी निघाली तर तुमच्याच गल्लीची आहेत." घरीही ते तसेच जात. काकू त्यांना त्या बाटल्यांसकट जेवायला वाढत नसत. आधी बाटल्या दाराबाहेर, मग ताट. हिवाळ्यात दाराबाहेर बाटल्या गार पडत, म्हणून तेव्हा साहेबांचं जेवण ऑफिसातच व्हायचं.

इतकं हसवणाऱ्या माणसाला मी एकदा पूर्ण गप्प झालेलं पाहिलं. तेच सांगायचं आहे.

सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडं एक गाव आहे. नाव सांगत नाही, गावाला सोयरिकी जमवायच्या असतात. त्या वर्षी उन्हाळा लांबला, मग एकदम चार दिवस पाऊस कोसळला आणि आठवड्याभरात गावात हगवण-उलटी सुरू झाली. घरटी एक माणूस आडवं. किसनराव नावाचे एक म्हातारे दवाखान्यात नेता नेता वाटेतच गेले. गावाची पिण्याची विहीर एकच. तिचं पाणी आम्ही बाटल्यांत भरलं, साहेबांच्या पोटावर बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या बाटल्या काळ्या झाल्या.

विहीर बंद झाली, टँकर सुरू झाला. पण गावाला कारण आधीच सापडलं होतं. विहिरीच्या ओट्याजवळ गयाबाई म्हणून एक विधवा बाई राहायची. हगवण पहिली लागली ती तिच्या दोन वर्षांच्या नातीला. त्या लेकराची दुपटी तिनं ओट्यावर धुतली, हे दोघातिघांनी बघितलं होतं. झालं. गयाबाईनं गाव बाटवलं. टँकरच्या रांगेत तिला शेवटी उभं करत. तिची घागर लागेपर्यंत टँकर संपलेला असायचा.

आम्ही कारण शोधायला परत गावात पोचलो तेव्हा ती मैलभरावरच्या हातपंपावरून घागर घेऊन येत होती. साहेबांनी जीप थांबवली आणि खाली उतरून तिला विचारलं, "मावशी, आधी लेकरू आजारी पडलं का आधी दुपटी धुतली?"

तिनं घागर न उतरवता त्यांच्याकडं असं पाहिलं, की मेहबूबभाईंनी मान वळवली. "लेकरू हागल्याबिगर दुपटं कोन धुतं रे भाऊ? तुमच्याकडं धुतेत काय?"

साहेब खूश झाले. "बराबर!" म्हणाले. "एवढं एक वाक्य गावातल्या कोणालाच सुचलं न्हाई. चला म्याडम, रंग काढा."

हा रंग म्हणजे एक पूड. डब्यात शेंदरी दिसते, पाण्यात पडली की झगझगीत पोपटी. अंगाला अपाय नाही. जिथून घाण झिरपते असं वाटतं तिथं ती कालवून ओतायची आणि विहिरीकडं लक्ष ठेवायचं. पोपटी उगवली तर वाट सापडली. साहेबांनी पहिली पूड सगळ्या गावादेखत गयाबाईच्या धुण्याच्या जागी ओतली. तीन दिवस विहीर जशीच्या तशी. तरी लोक म्हणाले, "रंग जुना असंल." मग ओट्याजवळच्या दोन घरांचे खड्डे झाले. तेही गेले वाया. शेवटी राहिला शाळेचा संडास. तो विहिरीपासून चांगला लांब, चढावर. सरपंचबाईंचे यजमान, जे गावात बाईंच्या वतीनं बोलायचं काम करत, ते हसले. "साहेब, तितक्या लांबून येतं होय? आन त्याला तर तुमच्याच हापिसचा दाखला हाय."

"हाय," साहेब म्हणाले. "म्हणूनच ओतून राहिलो."

शाळेचा खड्डा त्यांनी सगळ्यात शेवटी का ठेवला, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावात शिरलो तर विहिरीभोवती गर्दी. कठड्यावरून वाकून पाहिलं. तळापासून वरपर्यंत पाणी राव्याच्या पंखासारखं पोपटी, आणि त्यावर सकाळचं ऊन. खरं सांगायचं तर फार सुंदर दिसत होतं. मी आनंदानं ओरडलेच, "सर, मिळालं!" वळून पाहिलं तर साहेब कठड्याला धरून खाली बसलेले. मला वाटलं, चक्कर आली. मेहबूबभाईंनी पाण्याची बाटली पुढं केली. ती त्यांनी घेतली आणि हातात धरून नुसते बसून राहिले.

त्या दाखल्यावर सही त्यांची होती. चार वर्षांपूर्वी शाळेचा संडास बांधताना गावानं मातीचं एक पोतं आमच्याकडं पाठवलं होतं. साहेबांनी ती माती वाळवली, कुटली, चाळली, नळीत ठासली, वरून ओतलं. खाली स्वच्छ पाणी आलं. त्यांनी लिहिलं: 'माती काळी व दाट. विहिरीस धोका नाही.' आणि सही.

परतीच्या वाटेवर औंढ्याजवळ चहाला थांबलो तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. "मातीला मी वाळवलं, कुटलं, चाळलं, दाबलं. तिच्या भेगा मिटवल्या, मुळांची भोकं मिटवली, गांडुळाची बिळं मिटवली. आन मग तिला इचारलं, तुझ्यातून काही जातं का गं? मेलेली माती काय सांगणार? न्हाई म्हणाली. शिवारातली काळी माती उन्हाळ्यात अशी फाटते की हात कोपरापर्यंत आत जातो. हे मला लहानपणापासून ठाऊक. म्हशीचा पाय अडकायचा त्या भेगेत. आन मी नळीला इचारत बसलो."

मेहबूबभाई म्हणाले, "साहेब, ठेकेदारानं खड्डा नकाशापेक्षा खोल घेतला ना? मुरमापर्यंत गेला. त्याचीच गलती. त्याचंच लिहा."

हे खरंही होतं. आम्ही गिरमिटानं माती काढून बघितली होती. खड्ड्याचा तळ काळी माती ओलांडून सरळ मुरमात उतरला होता. उन्हाळ्यात वरच्या भेगा रुंदावल्या, पावसानं खड्डा तुडुंब झाला आणि सगळं मुरमाच्या थरातून विहिरीकडं घसरलं.

"त्याचं लिहिणारच," साहेब म्हणाले. "पण खड्डा बघायला मी गेलो व्हतो का? टेबलावर बसून सही केली. पोत्यावर."

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. आमच्या मोठ्या साहेबांनी फोनवर बजावलं होतं, 'तांत्रिक कारणामुळे' एवढंच म्हणा आणि खड्डा बंद करायला सांगून निघून या. साहेब उभे राहिले. एरवी सभेत ते दोन विनोद केल्याशिवाय बोलत नसत. त्या दिवशी चष्मा काढून हातात धरला, म्हणजे समोरचे चेहरे त्यांना दिसत नसणार.

"गयाबाईचं काही चुकलं न्हाई," ते म्हणाले. "तिच्या लेकराला हगवण झाली ती ह्याच पाण्यानं. घाण शाळेच्या खड्ड्यातून येऊन राहिली. ठेकेदारानं खड्डा खोल घेतला. पण तिथं खड्डा चालतो असं लिहून देणारा मी. मी बघायला आलो न्हाई. चूक माझी आहे."

गाव भांडायला तयार होऊन आलं होतं आणि समोरचा भांडेनाच. मग किसनरावांचा मुलगा ज्ञानोबा मागून उठला. "मंग माझ्या बापाचं काय, साहेब?"

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "त्याला माझ्याकडं उत्तर न्हाई, ज्ञानोबा," ते म्हणाले. "असतं तर तेच आधी दिलं असतं."

ज्ञानोबा खाली बसला. मला वाटतं, त्याला मारायचं होतं. पण त्या उत्तराला कुठं मारावं हे त्याला कळलं नाही.

शेवटी गयाबाईच बोलली. "म्हंजे चार वर्सं आमी तुमची सही पीत व्हतो म्हना." हशा झाला, म्हणजे आधी घाबरत आणि मग मोकळा. साहेबही हसले, पण डोळे पुसत. ती तिथंच थांबली नाही. "आता हे समदे इथं बसल्यात, ते माज्या दारातून जाताना थुंकत व्हते. त्यांचा काय दाखला हाय?" ग्रामसभेचं इतिवृत्त लिहिणाऱ्या ग्रामसेवकाचं पेन थांबलं. "लिव्हा की," साहेब त्याला म्हणाले. "सगळ्यात मुद्द्याचं तेच आहे." लिहिलं गेलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून टँकरच्या रांगेत गयाबाई पहिली उभी राहू लागली आणि तिला कुणी हटकलं नाही. काही बाया तर मुद्दाम तिच्या मागं उभ्या राहत, पुढं नाही.

खरी मजा अहवालात झाली. टाइप मी करत होते. मोठ्या साहेबांनी मसुदा परत पाठवला, एका वाक्याखाली लाल रेघ मारून. खंदारे साहेबांनी लिहिलं होतं, 'मी जागा न पाहता चुकीचा सल्ला दिला.' लाल शाईत सुधारणा होती: 'सल्ला देण्यात आला होता.'

"देण्यात कोण आला व्हता?" साहेबांनी मला विचारलं. "मीच ना? मंग मी कुठं गेलो ह्या वाक्यातून?" त्यांनी तीन वेळा वाक्य तसंच ठेवून पाठवलं. तीन वेळा परत आलं. चौथ्यांदा त्यांनी अहवाल सरळ कलेक्टर कचेरीत स्वतःच्या सहीनं देऊन टाकला. मग त्यांना 'कारणे दाखवा' नोटीस आली. तिचं उत्तर त्यांनी एका ओळीत दिलं: 'कारण अहवालात दाखवले आहे, कृपया वाचावे.' निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना येणारी बढती गेली. काकू आठवडाभर बोलल्या नाहीत. साहेब म्हणाले, "लई शांत वाटून राहिलं घरात."

पण त्यानंतर त्यांनी एक उद्योग सुरू केला, आणि मला त्यांचा अभिमान वाटतो तो त्याचा. कपाटातून त्यांनी आजवरच्या सगळ्या दाखल्यांच्या नकला काढल्या आणि पोत्यावरून सही केलेल्या गावांची यादी केली. मग दर रविवारी एक गाव. गिरमिट, रंगाचा डबा, बाटल्या, डबा पार्टी. ऑफिसचं काहीच नाही, मेहबूबभाईंच्या मेहुण्याची गाडी. मी बहुतेक वेळा बरोबर असे. आता ते मातीचं पोतं मागवत नसत. रिकामी नळी घणानं जमिनीत ठोकत आणि मुळं, बिळं, भेगा सगळ्यांसकट माती सबंध वर काढत, जशी होती तशी. साठीला टेकलेला माणूस घण मारतोय आणि भोवती गाव उभं. कुणी विचारलं, "काय सापडलं का साहेब?" की म्हणत, "सध्या माझीच अक्कल शोधून राहिलो. किती खोल गेली बघू."

बहुतेक गावं ठीक निघाली. दोन निघाली नाहीत. दोन्हीकडं ते पंचायतीत उभे राहिले आणि तेच वाक्य बोलले. एका ठिकाणी लोकांनी चहा पाजला, दुसरीकडं एकानं चप्पल उगारली. "दोन्हीकडं खड्डा हलला," ते परतताना म्हणाले. "चपलेनं जरा लवकर हलला."

निवृत्त झाल्यावरही यादी चालूच राहिली. मग साखरेनं पाय धरला, अंगठा काढावा लागला आणि हिंडणं थांबलं. यादीतलं एकच गाव उरलं होतं, कनेरगाव नाक्याच्या पलीकडचं. मला बोलावून त्यांनी रंगाचा डबा माझ्या हातात दिला. "पोरी, एवढं एक राहिलं," म्हणाले. म्याडमची पोरी मी त्या दिवशी झाले.

मी फेब्रुवारीत गेले. नळी ठोकली, रंग ओतला, बाटल्या भरल्या. तीन दिवस वाट पाहिली. विहीर निर्मळ, बाटल्या निर्मळ. परतताना धाब्यावरून त्यांना फोन केला. "सर, यादी संपली. सगळं ठीक."

"न्हाई संपली," ते म्हणाले. आवाज थकलेला, पण खोडकर. "चांगला निकाल आला की आपल्याला लई बरं वाटतं, तिथंच घात आहे. कोरड्यात तर मुरूमबी साधू असतो. पावसात परत जा."

एप्रिलमध्ये ते गेले. झोपेत, सकाळी. पाऊस चांगला झाल्यावर मी त्या गावी परत गेले. या खेपेला विहिरीत पोपटी उगवली. फिकी, पण होती, आणि बाटल्या काळ्या झाल्या. सुदैवानं गावात अजून कुणी आजारी नव्हतं.

अहवाल आता मला लिहायचा होता. ऑफिसात नवे मोठे साहेब आले आहेत, मनानं चांगले. ते म्हणाले, "बाई, माणूस गेला. आता त्यांचं नाव कशाला? जुना दाखला एवढंच लिहा." त्यांनी ते मायेनंच म्हटलं, आणि म्हणून मला नाही म्हणणं जड गेलं. मी कागद घेऊन काकूंकडं गेले. त्यांना विचारल्याशिवाय मला सही करवेना.

काकू अंगणात सूप मांडीवर घेऊन शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. गाव, विहीर, दाखला, सही. त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. "काय लिहिलंस ते वाच," म्हणाल्या.

मी वाचलं: 'श्री. सोपान खंदारे यांनी जागा न पाहता हा सल्ला दिला होता. तो चुकीचा होता. ती चूक शोधण्याचे काम त्यांनीच सांगितले होते.'

"परत वाच. मधलं."

"तो चुकीचा होता."

"चाळीस वर्सं संसार केला," काकू म्हणाल्या. "गावोगाव उभं राहून कबूल करत हिंडले, चूक माझी, चूक माझी. घरात एकदाबी न्हाई म्हनले. मीठ जास्त पडलं तरी मीच टाकलेलं, गाडी चुकली तरी माझ्यामुळंच. राहू दे तसंच. खोडू नको." त्यांनी शेंगांचं सूप परत मांडीवर ओढलं. "अजून एकदा वाच."

मी तिसऱ्यांदा वाचलं. काकू ऐकता ऐकता हसायला लागल्या, खूप हसल्या, आणि हसू ओसरल्यावर सूप तसंच मांडीवर ठेवून रडल्या.